साफसफाईचा शनिवार

दिवाळी झाली आणि चेतनची नोकरी गेली. त्याच्याबरोबर आणखी बरेच जण त्या दिवशी ओळखपत्रं जमा करून लिफ्टने खाली आले होते, पण हळूहळू ते सगळे कुठे ना कुठे चिकटले. चेतन राहिला. मुलाखतीत लोक त्याच्याशी फार आदराने बोलायचे आणि नंतर काही कळवायचेच नाहीत. विश्रांतवाडीतल्या त्याच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे श्यामसुंदर काका जिन्यात भेटले, की त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणायचे, "घरूनच काम वाटतं? छान. भाजी तरी ताजी मिळते."

काकांचं बोलणं चेतनला फारसं लागत नसे. लागायचं ते घरात.

त्याची बायको आम्रपाली खराडीच्या एका कंपनीत डेटाबेस सांभाळायची. औषधं साठवणाऱ्या शीतगृहांवर ही कंपनी लांबून लक्ष ठेवायची. कुठल्या खोलीचं दार कधी उघडलं, तापमान कधी चढलं, कुणी कधी लॉगिन केलं, अशी प्रत्येक घटना आपोआप नोंदली जायची, आणि काही बिघडलं की तिथल्या माणसांच्या फोनवर इशारा जायचा. आम्रपाली कॉलेजातून नुकती बाहेर पडली होती तेव्हा पहिल्या नोकरीत चेतन तिचा सीनियर होता. डेटाबेसला विचारायची क्वेरी कशी लिहायची, ती अडकते कशाने, हे सगळं तिला त्यानेच शिकवलं होतं. तो हे कुणाला सांगायचा नाही, पण विसरायचाही नाही.

त्या वर्षी नोंदींचा हा डेटाबेस फुगत फुगत सर्व्हरची डिस्क भरायला आली. सुरुवातीपासून कुणी काही काढलंच नव्हतं. असू दे, कधीतरी लागेल, असं प्रत्येकजण म्हणत गेला आणि कधीच न लागलेल्या नोंदींचा ढीग झाला. ग्राहकांना इशारे उशिरा मिळायला लागले, तक्रारी आल्या, आणि काम आम्रपालीच्या गळ्यात पडलं. सोबतीला प्रज्ञेश नावाचा सहकारी होता.

मग जेवताना रोज हे नाव यायला लागलं. "प्रज्ञेश म्हणतो, सहा महिन्यांपलीकडचं सगळं आधी दुसरीकडे हलवू आणि मगच पुसू."

"हो का," चेतन म्हणायचा. "बराच हुशार दिसतोय."

एका दुपारी भांडी घासून झाल्यावर त्याने प्रज्ञेशचा प्रोफाइल शोधून काढला. बारीक दाढी, मागे कुठल्याशा गडाचा बुरूज. फोटो मोठा करून पाहिला. स्वतःचीच लाज वाटून फोन पालथा ठेवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

शनिवारी ग्राहकांची वर्दळ कमी असते, म्हणून साफसफाईसाठी शनिवारची सकाळ ठरली. आम्रपाली बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन बसली. चेतन पोह्यांची बशी घेऊन दारापर्यंत गेला, तर आतून स्पीकरवरचा आवाज आला.

"आम्रपाली, तू आधी थोड्यावर चालवून बघ ना."

तू! चेतनला बशी जड झाली.

"सगळं एकदम डिलीट करू नका," तो दारातूनच म्हणाला. "पुसलेल्याची सुद्धा नोंद ठेवतो डेटाबेस. एका फटक्यात पुसाल तर कमी व्हायच्या ऐवजी आणखी फुगेल."

आम्रपालीने मान वळवली नाही. "माहितीये रे. पाच-पाच हजार नोंदींच्या तुकड्यांत करतोय. बशी ठेव तिथे."

पलीकडे प्रज्ञेश हसला. "सर आहेत का? नमस्कार सर!"

सर. चेतन बशी ठेवून बाहेर आला. ज्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं असा माणूस त्याच्या घरात, त्याच्या बायकोशेजारी बसल्यासारखा वावरत होता, आणि तो स्वतः हॉलमध्ये पेपर चाळत होता. आत काम छान चाललं होतं. मध्येच दोघांचं हसू ऐकू यायचं. "अजून एक लाख गेले," ती म्हणायची, आणि तिकडून शिट्टी यायची. शेवटची अशी शिट्टी चेतनसाठी कुणी वाजवली होती, ते त्याला आठवेना.

टीव्हीशेजारच्या फळीवर राउटर होता. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. चेतन उठला, फळीवरची धूळ पुसायला म्हणून फडकं घेऊन गेला, आणि प्लग उपसला.

आतला आवाज तुटला. आम्रपाली बाहेर आली. वर पंखा फिरत होता. तिने पंख्याकडे पाहिलं, मग राउटरकडे, मग चेतनच्या हाताकडे. प्लग अजून त्याच्या हातातच होता.

"काय करतोयस?"

"धूळ होती."

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "तुला काय वाटतं, माझं आणि प्रज्ञेशचं काही आहे?"

"नाही."

"मग?"

"तसं असतं तर सोपं होतं," तो म्हणाला. "चारचौघांत सांगता तरी आलं असतं. मला त्याचा नाही, तुझा हेवा वाटतो. ते काम माझं होतं, आम्रपाली. ते मला येतं. आणि तू मला एकदा विचारतसुद्धा नाहीस."

"विचारलं होतं. नोकरी गेल्यावर लगेचच विचारलं होतं, तुला बरं वाटेल म्हणून. तू काय केलंस? सांगितलं नाहीस, कीबोर्ड माझ्या हातातून ओढून घेतलास. मी बाजूला उभी, आणि तू टाइप करतोयस. नोकरीला नव्याने लागले होते तेव्हा चाललं असतं ते. आता मी त्या कामाची प्रमुख आहे."

त्याला ते आठवलं. त्याच्या लेखी तो त्या संध्याकाळी बायकोला मदत करत होता.

"हेवा वाटतोय तर वाटू दे," आम्रपाली म्हणाली. "पण आधी प्लग लाव."

त्याने लावला. दिवे एकेक करून परत आले. "किती वाया गेलं?" त्याने चाचरत विचारलं.

"चालू होता तेवढाच तुकडा. आधीचे सगळे पक्के झालेत. मध्येच कुणी खोडा घातला तरी नुकसान थोडकं व्हावं, म्हणूनच तुकडे करतात." ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. प्रज्ञेशला तिने काय सांगितलं ते चेतनने कान देऊन ऐकलं. "नेट गेलं होतं," एवढंच.

दुपारपर्यंत जुन्या नोंदी हलल्या, पुसल्या गेल्या. पुसून मोकळी झालेली जागा डेटाबेसची फाइल धरूनच बसली होती, ती त्यांनी पुढच्या आठवड्यात सावकाश सोडवून घेतली. पुढे दर रात्री ठरावीक मुदतीपलीकडचं आपोआप निघून जाईल अशी सोय केली. इशारे वेळेवर पोचायला लागले. कंपनीत आम्रपालीचं कौतुक झालं, ऑफिसात केक कापला गेला. त्यातला एक तुकडा तिने डब्यात घरी आणला. चेतनला तो गोड लागला नाही, पण त्याने तो संपवला.

प्लगच्या रागाने ती दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी त्यानेच विषय काढला आणि माफी मागितली. "पुन्हा केलंस तर मी लॅपटॉप घेऊन आईकडे बसेन," ती म्हणाली. तिची आई चार गल्ल्या सोडून राहायची, पण धमकी खरी होती.

उन्हाळ्यात चेतनला वाघोलीतल्या एका कॉलेजात डेटाबेस शिकवायचं काम मिळालं. पगार आम्रपालीच्या निम्म्याहून कमी. वर्गात मुलं त्याला सर म्हणतात तेव्हा ते त्याला टोचत नाही. प्रज्ञेश एकदा जेवायला आला. ठेंगणा, लाजरा, दोनदा वरण मागून घेणारा. चेतनने त्याला आग्रह करकरून वाढलं. मग जेवणं झाल्यावर आम्रपाली आणि तो बाल्कनीत उभे राहून ऑफिसातल्या कुठल्याशा नव्या सर्व्हरबद्दल बोलायला लागले, आणि ओट्याशी ताटं विसळताना चेतनला पुन्हा तोच हेवा वाटला. त्याने नळ बंद केला, म्हणजे त्यांचं बोलणं नीट ऐकू येईल.