एसटीच्या आधी का नंतर

जाईबाई तोंडाची फटकळ. रस्त्याच्या कामावर मुकादमालासुद्धा तिनं कधी सोडलं नाही. पण नवऱ्याला एक सवाल मात्र तिला चाळीस वर्षांत विचारता आला नव्हता: "तुमी कोर्टात खरं बोललात का?"

प्रकरण तिच्या लग्नानंतर दोनेक वर्षांतलं. बाजारच्या दिवशी, भर दुपारी, धारूरच्या जुन्या नाक्यामागं फौजदार अमरसिंह देशमाने यांना कुणीतरी गोळी घातली. मारणाऱ्याला कुणी पाहिलं नाही. संशय मात्र सगळ्यांचा एकाच माणसावर, बंकटवर. जमीनजुमल्याचा मोठा आसामी, आणि फौजदारांशी त्याचं उघड वैर. पण बंकट त्याच दुपारी केजच्या एसटीत बसून गेला, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मग खटला एका गोष्टीवर येऊन अडला. गोळी एसटी सुटायच्या आधी झाडली का नंतर?

एसटीतल्या लोकांनी, बंकटच्या धाकानं म्हणा की बाजाराच्या कालव्यानं, काहीच ऐकलं नसल्याचं सांगितलं. आवाज ऐकलेले साक्षीदार दोनच उरले, आणि ते निघाले नवरा-बायको. जाईबाईचा नवरा कचरू नाक्याजवळ बैलगाडीत पोती चढवत होता. आवाज आला तेव्हा एसटी नाक्यावर उभीच होती, आपल्याला वाटलं कुठंतरी टायर फुटला, असं तो म्हणाला. जाईबाई नाक्याच्या पलीकडं, लांब, खडी फोडायच्या कामावर होती. एसटी आपल्यापुढून धुरळा उडवत गेली आणि मग आवाज झाला, असं तिनं सांगितलं. वकिलांनी दोघांना पिंजून काढलं. दोघंही जागचे हलले नाहीत. एका चुलीवर जेवणाऱ्यांचाच मेळ बसेना, म्हणून बंकट सुटला.

वस्तीत मग दोन्हीकडून कुजबुज झाली. पोलिसांनी कचरूला साक्षीआधी दोन रात्री चौकीत ठेवलं होतं, तेव्हा त्याला पढवलं असणार. आणि बंकटचा माणूस एकदा यांच्या दारात येऊन गेला होता, तेव्हा जाईबाईला दमात घेतलं असणार. लोक विसरले. ही दोघं विसरली नाहीत. लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली, बंकटही म्हातारा होऊन मेला, पण ती गोष्ट घरात कुणी काढायची नाही असा न बोलता ठराव झाला होता.

यंदा होळी झाल्यावर एक बाई त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चाळिशी ओलांडलेल्या, साध्या सुती साडीतल्या.

"मी राजनंदिनी. देशमाने फौजदारांची मुलगी."

कचरूनं चटकन खुर्ची पुढं केली. जाईबाईनं पाणी दिलं. राजनंदिनीताई म्हणाल्या, "काका, मावशी, मी भांडायला नाही आले. बाबा गेले तेव्हा मला कळतही नव्हतं. ते पडले ती जागा बघितली, आता तुमच्या तोंडून ऐकावं वाटलं. आवाज कसा होता हो?"

कोर्टात आवाज कधी झाला हे दहादा विचारलं होतं. कसा होता, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"कडक," कचरू म्हणाला. "कानठळ्या बसल्या. अन् किल्ल्याकडून घुमून माघारी आला."

"घुमून?" जाईबाई त्याच्याकडं बघतच राहिली. "घुमला कुठं? फट् झाला अन् गप. मला तर कानाच्या आधी पायाला कळला."

"पायाला?" ताईंनी विचारलं.

"व्हय. जमीन हालल्यावानी."

कचरूनं बायकोकडं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

ताई गेल्या. जाताना फोन नंबर देऊन गेल्या. पण जाईबाईच्या डोक्यातला भुंगा काही जाईना. गोळीनं जमीन कशी हालंल? खडी फोडत होतो त्याच्या शेजारी काय होतं? भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. विहीर! रस्त्याकडेला विहिरीचं काम चाललं होतं. खडक लागला होता आणि वडारांची टोळी सुरुंग लावत होती. त्यातला पंडित तेवढा तिला आठवला. तो आता केजला लेकाजवळ असतो, असं तिच्या नणंदेनं कधीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती जीपमध्ये बसून केजला गेली. विचारत विचारत पंडितचं घर गाठलं. म्हातारा दारात उन्हाला बसला होता. नजर अधू झालेली, पण आवाज ओळखला त्यानं.

"जाईबाई व्हय? खडीवरली?"

"व्हय. पंडितदादा, फौजदार मेला त्या दिवशी तुमी सुरुंग लावलता का?"

पंडितनं मान वळवून आत सून आहे का याची चाहूल घेतली.

"लावलता. पर नीट उडलाच न्हाई. दारू ओली. नुसता फट् करून बसला. मालक लई बोलला मला."

"एसटीच्या आधी का नंतर?"

"नंतरच की. विहीर रस्त्याला खेटून. एसटी गेल्याबिगर बत्ती लावायची न्हाई, असा नेमच व्हता आमचा."

"मग पोलिसांना कावून न्हाई सांगितलं?"

"कसं सांगू बाई? आमच्यापाशी दारू व्हती अन् परवाना न्हवता. फौजदाराला गोळी लागली म्हणल्यावर पहिला हात आमच्यावरच पडला असता. रातोरात बिऱ्हाडं उचलली आमी."

जाईबाईला त्याचा राग आला नाही. तिच्या जागी कुणाला काय वाटलं असतं ते वेगळं, पण पोलीस दारात येणं म्हणजे काय, हे तिलाही माहीत होतं.

परतीच्या जीपमध्ये खिडकीशी बसून तिनं सगळं जुळवून पाहिलं. फौजदाराला लागलेली गोळी तिनं ऐकलीच नव्हती. हातोड्यांच्या ठणठणाटात ती विरून गेली असणार. तिनं ऐकला तो फुसका सुरुंग, नेहमीसारखा धडाडला नाही म्हणून ओळखू न आलेला, आणि त्यापाठोपाठ "गोळी घातली" असा ओरडा. नवऱ्यानं ऐकली ती खरी गोळी. बंकटनंच घातली असं त्यावरून ठरत नव्हतं, पण घालून एसटीत बसायला त्याला वेळ होता.

घरी आल्यावर तिनं कचरूला सगळं सांगितलं.

"म्हंजी तू बंकटच्या माणसाला भिऊन न्हाई बोलली?"

"भिऊन? त्याला मी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई! अन् तुमाला पोलिसांनी शिकवलं न्हवतं?"

"न्हाई गं."

"आवं, मग विचारायचं की!"

"तू तरी कुठं विचारलं?"

मग तिनं राजनंदिनीताईंना फोन लावला. पंडितचं सगळं सांगितलं. "ताई, मी ऐकला तो आवाज सुरुंगाचा व्हता. माझ्या सांगण्यानं बंकट सुटला."

ताई म्हणाल्या, "माझी आई मरेपर्यंत म्हणत होती, त्या बाईला विकत घेतलं. मी पण तेच मानत आले. मावशी, तुम्ही उन्हातान्हात केजला गेलात कशाला? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाई. डोक्यातून जाईना म्हणून गेले."

"मी पुन्हा येते," ताई म्हणाल्या. "पंडितकाकांना पण भेटायचंय मला. त्यांना सांगा, भिऊ नका."

फोन ठेवून जाईबाई बाहेर आली. कचरू अंगणात बाजेवर बसला होता. त्यानं सरकून तिला जागा करून दिली.

"चौकीतल्या त्या दोन रात्री काय झालं, ऐकायचं का तुला?" तो म्हणाला. "कुणालाच सांगितलं न्हाई अजून."

"सांगा," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी टेकली.