गुरुवारचं फाडलेलं पान

निवेस बाल्दास्सारीला तिच्या वर्तमानपत्रात सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत, आणि त्यात कौतुक फारसं नव्हतं. इटलीतल्या बोलोन्याच्या त्या कचेरीत ती टायपिस्ट म्हणून लागली होती. आरोग्याचं पान तेव्हा एक म्हातारे प्राध्यापक लिहीत: यकृताला कुठल्या झऱ्याचं पाणी मानवतं, जेवून लगेच समुद्रात का उतरू नये, असलं काहीबाही. प्राध्यापक आजारी पडले. पान रिकामं जाऊ नये म्हणून निवेसनं ते लिहून दिलं, आणि नंतर कुणाला परत केलं नाही. रंगाच्या कारखान्यातल्या बायकांच्या खोकल्यावर तिनं लिहिलं, इस्पितळात बाळंतिणींवर खेकसणाऱ्या डॉक्टरांवर लिहिलं. जाहिराती गेल्या, तरी लिहिलं. रोमान्या प्रांताच्या हट्टी मातीतली पोर ती. कुणी ‘नको’ म्हटलं की तिला चेव यायचा.

एका शब्दापाशी मात्र घोडं अडायचं. कॅन्सर. संपादक कासादेई लाल पेन्सिलीनं तो खोडत आणि वर लिहीत, ‘असाध्य दुखणं’.

“लोक आपला पेपर कॉफीबरोबर वाचतात, डॉक्टरीणबाई.”

“मग कॉफी संपवून वाचू देत.”

“गावातल्या भिंती बघा. मेलेल्या माणसाच्या कागदावर तरी कुणी हा शब्द छापतं का?”

छापत नव्हतंच. भिंतीभिंतींवर चिकटवलेल्या निधनपत्रकांच्या काळ्या चौकटीतली माणसं ‘दीर्घ दुखण्यानं’ गेलेली असत. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगत, आणि नातेवाईक ते रोग्यापासून लपवत. त्यालाच माया म्हणत. निवेस मात्र गुरुवारच्या आपल्या पानात फिरून फिरून तेच मांडायची: ज्याचं शरीर, त्याला आधी सांगा.

आणि मग तिच्या आईलाच झाला.

आई, आर्जिया, गावातल्या बारच्या वरच्या मजल्यावर राहायची. बार थोरल्या मुलाचा, एत्तोरेचा. डॉक्टरांनी एत्तोरेला सांगितलं, एत्तोरेनं निवेसला फोन केला. ती रविवारी आली तेव्हा त्यानं तिला कॉफीच्या यंत्रामागे ओढलं.

“आईला सांगितलंय, चरबीची गाठ आहे. तू तोंड उघडलंस तर पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही.”

“मी पेपरात काय लिहिते ते ठाऊक आहे ना तुला?”

“लिही की. परक्यांच्या आयांबद्दल लिही.”

घाव वर्मी बसला. निवेस वर गेली, आईनं पास्त्यासाठी लाटलेल्या पातळ पोळीच्या पट्ट्या कापून दिल्या, पोटभर जेवली आणि दुखण्याबद्दल एक शब्दही न काढता बोलोन्याला परतली. त्या आठवड्यात तिनं पायाच्या सपाट तळव्यांच्या त्रासावर लेख दिला. कासादेईंनी एक अक्षर न खोडता छापला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

एत्तोरेचा तेवढ्यावरही भरवसा नव्हता. बारमध्ये लाकडी दांडीला लावलेला पेपर तिथं पत्ते खेळणाऱ्यांचं वाचून झालं की वर आईकडे जायचा. एत्तोरे गुरुवारचं ते पानच फाडून काढू लागला. सपाट तळव्यांचंही फाडलं.

काही आठवड्यांनी, पुढच्या खेपेला, निवेस स्वयंपाकघरात शिरली, तशी आर्जियानं लाटणं खाली ठेवलं.

“तुझं पान येत नाही हल्ली. एत्तोरे म्हणतो, मासे गुंडाळले. दर गुरुवारी याचे मासे तुझ्याच पानात कसे जातात गं? इतकी वर्षं तू काय काय भयंकर लिहिलंस, तेव्हा यानं कधी फाडलं नाही.” तिनं कमरेच्या एप्रनला हात पुसले. “खरं सांग. तुला कामावरून काढलंय, का मी मरतेय?”

खालून पत्त्यांचा गलका ऐकू येत होता.

“मला काढलेलं नाही,” निवेस म्हणाली.

आर्जियानं पिठावर फडकं टाकलं.

“छातीतली गाठ?”

“हो. कॅन्सर आहे, आई.”

“येतं की तुला बोलता. मागच्या खेपेला जीभ कुठं होती?”

“खाली बारमध्ये ठेवून आले होते.”

“ऑपरेशन करतात याचं?”

“करतात. लवकर केलेलं बरं.”

“आणि हे मला चरबी सांगत बसलेत. वेळ कुणाचा चाललाय?” आर्जियाचा आवाज चढला. “लिही. माझ्या नावानिशी लिही. आणि ते ‘असाध्य’ लावू नकोस पुढे. ते अजून ठरायचंय.”

कासादेईंनी लेख वाचला आणि सवयीनं पेन्सिल उचलली.

“हे माझ्या आईचं म्हणणं आहे,” निवेस म्हणाली. “खोडायचं तर खोडा, पण तिला फोन करून तुम्हीच सांगा.”

“कशी आहे तुमची आई? स्वभावानं?”

“माझ्यासारखीच. फक्त सराव जास्त.”

कासादेईंनी पेन्सिल खणात टाकली.

त्या गुरुवारी निवेस सुट्टी काढून गावी गेली. पेपर आला तेव्हा आर्जिया बारच्या दारातच उभी होती. तिनं तो एत्तोरेच्या हाती पडूच दिला नाही. खुर्ची दिली तरी बसली नाही. मान ताठ, आवाज अगदी मागच्या टेबलापर्यंत पोचणारा. तिनं वाचायला सुरुवात केली. तो शब्द आला तसे चारही पत्तेवाल्यांचे हात टेबलाच्या लोखंडी पायाकडे गेले. अपशकुन टळावा म्हणून.

“काढा हात,” आर्जिया म्हणाली. “लोखंडाला काही झालेलं नाही. मला झालंय.”

“आई, गिऱ्हाइकं जातील,” एत्तोरे कळवळून म्हणाला.

“जाऊ देत. मी इथंच आहे.”

एकानं टोपी उचलली आणि तो गेलासुद्धा. त्याच्या शेजारचा सेकोंदो, बायको गेल्यापासून रोज इथंच बसणारा, हातातले पत्ते उगाच लावत राहिला.

“माझ्या एल्दाला पोटात होता,” तो म्हणाला. “तुम्हा सगळ्यांना मी अल्सर म्हणून सांगितलं.”

“आणि तिला?” आर्जियानं विचारलं.

सेकोंदोनं मान हलवली. तिलाही अल्सरच.

आर्जियानं पेपर लेकीच्या हातात दिला आणि ती सेकोंदोच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली.

“पहिल्यापासून वाच,” ती म्हणाली. “याला नीट ऐकू दे.”

निवेसनं पहिल्यापासून वाचलं. एत्तोरेनं कॉफीचं घरघरणारं यंत्र बंद केलं.