आवाज आधी आला

आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, हवामानवेड्यांचा. गिरगावपासून वडाळ्यापर्यंत पसरलेली पंधरा-वीस टाळकी. कोणाच्या खिडकीत थर्मामीटर, कोणाच्या गच्चीत पर्जन्यमापक आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये रडार. दर उन्हाळ्यात घामाने जीव नकोसा झाला की कोणीतरी हमखास विचारतं — "तुमच्या लक्षात राहिलेलं वादळ कोणतं?" मग सुरू! वडाळ्याचा पराग मिठागराच्या बाजूला पडलेल्या गारांचं सांगतो, आणि त्या गारा दर वर्षी थोड्या मोठ्या होतात. गिरगावातले केळकरकाका एका भयंकर उष्णतेच्या लाटेचं सांगतात, तेव्हा म्हणे त्यांची चप्पल डांबरात रुतून बसली आणि ते अनवाणी घरी गेले. माझी पाळी आली की मी "लालबाग, मे महिना, आमच्या गच्चीवर वीज पडली" एवढंच लिहून मोकळी होते. पुढचं लिहिलं तर ॲडमिन मला ग्रुपमधून काढेल. म्हणून इथे लिहितेय.

आणि मी काही भुताखेतांवाली बाई नाही हं. आमच्या नाक्यावर अमावास्येला कोणीतरी उतारा टाकतं, त्यातलं लिंबू तुडवून मी ऑफिसला जाते. या प्रकारानंतरसुद्धा जाते. मला ढग कळतात, वारा कळतो, आणि जे कळत नाही ते शोधून काढायची खाज आहे. हे मात्र अजून सापडलेलं नाही...

आमचं घर लालबागला, मसाल्याच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, वर मोठी मोकळी गच्ची. एप्रिल-मे लागला की त्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या! बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी, सगळा लाल गालिचा. दोन-तीन दिवस कडकडीत ऊन द्यायचं, मग भाजायचं आणि कांडपाला न्यायचं. मिरच्यांना पाणी लागलं की बुरशी धरते आणि वर्षाचा मसाला गेला. त्यामुळे इमारतीतल्या बायका मिरच्या घालायच्या आधी मला विचारतात. "तृप्ती, घालू का गं आज?" मी रडार बघते आणि निकाल देते. या एका बाबतीत मला जो मान आहे तो ऑफिसात कधी मिळाला नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मूळच्या मालवणकडच्या. तरुणपणापासून गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रांवर होत्या. त्या खात्यातल्या आवाजाने त्यांचे कान गेले. उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही. डाव्या कानाला मशीन लावलं तर समोर बसून बोललेलं कळतं. मशीन काढलं की संपलं, कानाशी ताशा वाजवलात तरी मान वळणार नाही. हे तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण सगळं यावरच आहे. गच्चीवर जाताना त्या मशीन काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवतात, घामाने बिघडतं म्हणून. माझी त्या चेष्टा करतात — "इचार गो तुझ्या मोबायलाक, माझे पापड वाळतले काय?" पण विचारल्याशिवाय वाळत घालत नाहीत.

काही वर्षांपूर्वीचा तो शनिवार होता. कितीतरी दिवस उकाडा चाललेला, पंख्याचा वारासुद्धा गरम. सकाळी मी रडार आणि दिवसाचा अंदाज पाहिला. घाटावर दुपारनंतर ढग जमणार हे दिसत होतं, पण मे महिन्यात ते रोजच जमतात आणि कर्जत-बदलापूरकडे गडगडून विरतात. शहरात फार क्वचित येतात. मी सगळ्यांना सांगितलं, "बिनधास्त घाला."

दुपारी आई आणि शेजारच्या मंदावहिनी वर गेल्या, मिरच्या परतायला. आई आपला नेहमीचा पाट घेऊन टाकीच्या सावलीत बसल्या असणार. माझा नवरा मुलीला घेऊन दादरला गेला होता. मी घरात परागशी फोनवर बोलत होते, कारण ग्रुपवर थोडी चुळबूळ सुरू झाली होती. ठाण्याच्या बाजूला एक ढग एकदम फुगला होता.

"विरणार रे हा," मी म्हटलं.

"विरत नाहीये यार. बघ ना, रडारवर लाल झाला. तू वडाळ्याला असतीस तर खिडकीतून दिसला असता. आख्खा पूर्वेचा भाग काळा झालाय."

"वीज दिसली?"

"एकही नाही. गडगडाट पण नाही. तीच तर गंमत आहे."

आमच्या ग्रुपचा एक जुना नियम आहे. वीज दिसली की मोजायला लागायचं, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आकडा जितका मोठा तितकी वीज लांब. कोणी लालबागहून, कोणी कॉटन ग्रीनहून आकडे टाकतो आणि वादळ कुठे आहे ते आम्ही काढतो. तोपर्यंत कोणीही एकही आकडा टाकला नव्हता. तरी मला आठवलं — वर उघडी गच्ची, लोखंडी खांबांना बांधलेल्या कपड्यांच्या तारा, आणि हाक मारली तरी ऐकू न येणारी माझी सासू. मी परागला म्हटलं, "थांब, आईंना खाली आणते," आणि फोन तसाच हातात धरून जिन्याकडे पळाले.

तिसऱ्या मजल्यावर त्या मला समोरून येताना दिसल्या. आई मंदावहिनींचं मनगट धरून त्यांना अक्षरशः ओढत आणत होत्या. वहिनींच्या एका पायात चप्पल नव्हती. आईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुका आयकाक नाय इला?" त्या माझ्यावरच ओरडल्या. "केवढ्यान गडगडला ता!"

मी वहिनींकडे बघितलं. त्या धापा टाकत होत्या. "मला नाय गं काही ऐकू आलं. आम्ही मिरच्या परतत होतो. आई एकदम दोन्ही कानांवर हात दाबून खाली बसल्या. मला वाटलं चक्कर आली. मग उठल्या, नि माझा हात धरला तो सोडायलाच तयार नाहीत."

मी आईंच्या कानाकडे पाहिलं. मशीन नव्हतं.

खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. दोघी खाली आल्या होत्या, कशामुळे का होईना. आणि मग लगेच मिरच्या आठवल्या. चार घरांच्या मिरच्या वर उघड्यावर, आणि "बिनधास्त घाला" म्हणणारी मी. मी म्हटलं, "तुम्ही घरी जा, मी चादरी गुंडाळून आणते." आणि दोन पायऱ्या चढलेसुद्धा.

आईंनी मागून माझा दंड पकडला. सत्तरीला टेकलेल्या बाईच्या हातात एवढा जोर असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"वर जाव नको. आवाज इलो... वीज अजून येवची आसा."

मला हसू आलं. म्हणजे बघा, भीती वाटत असतानाही हसू आलं, कारण हे म्हणजे उलटंच झालं ना! उजेड आधी, आवाज मागून, हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतील. मी हातवारे करून त्यांना समजावायला लागले — "आई, आधी वीज, मग —"

जिना पांढरा झाला. उजेड आणि आवाज एकाच वेळी. मोजायला काही उरलंच नाही. कानात नुसती शीळ, नाकात जळका वास, आणि पायाखालची पायरी हलल्यासारखी वाटली. मंदावहिनी खाली बसून रडायला लागल्या. आई मात्र तशाच उभ्या होत्या, माझा दंड धरून, आणि एवढ्या प्रचंड आवाजाला त्यांची पापणीही लवली नाही. तो आवाज त्यांना आलाच नव्हता.

पुढे पाऊस कोसळला. तो थांबल्यावर मंदावहिनींच्या यजमानांबरोबर मी वर गेले. टाकीचा कोपरा उडाला होता, कपड्यांची तार काळी पडून तुटली होती. टाकीखालचा आईंचा पाट मधोमध चिरला होता, त्याची एक बाजू कोळशासारखी. मिरच्या तर पार पाण्यात. मी तिथेच मटकन बसले आणि रडले. मिरच्यांसाठी नाही.

पराग सगळा वेळ फोनवर होता. त्याने शपथेवर सांगितलं की तो कडकडाट होईपर्यंत त्याने ना वीज पाहिली ना आवाज ऐकला. ग्रुपमधल्या कोणीच नाही. मी त्याला आईंचं सांगितलं तेव्हा त्याने ढीगभर शक्यता काढल्या. वीज पडायच्या आधी अंगावरचे केस उभे राहतात, धातूतून बारीक गुणगुण येते. बहिऱ्या माणसांना हादरे पायातून कळतात. मलाही हे पटवून घ्यायचं होतं. मी कानाच्या डॉक्टरांकडेही आईंना नेलं. तपासणीत कान जसे होते तसेच, उजवा पूर्ण बंद.

मी आईंना खोदून खोदून विचारलं, मशीन लावून, समोर बसून. अंगावर शहारा आला होता का? तळपायाला मुंग्या? त्या वैतागल्या. "आवाज होतो गो तो! मी दोनय कानांनी आयकलंय. माझो उजवो कान गिरणीत गेलो, त्याच कानानपण आयकलंय." मग हळूच म्हणाल्या, "एवढ्या वर्सांनी कायतरी आयकलंय, आणि ता असला."

मी तो विषय बंद केला. मिरच्या नवीन आणल्या, टाकी दुरुस्त झाली, बायका पुन्हा मला विचारायला लागल्या. मीही सांगायला लागले, फक्त "बिनधास्त" हा शब्द आता तोंडातून निघत नाही.

हे सगळं आत्ता का लिहितेय, तर या वर्षी, तीन-चार आठवड्यांपूर्वी, आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. सकाळची वेळ. मशीन कोनाड्यात. मी डबा भरत होते. ताटली खाली पडली म्हणून मी वळले, तर आई दोन्ही कान दाबून बसलेल्या, डोळे घट्ट मिटलेले.

उठल्या आणि पहिला प्रश्न केला — "सगळी खंय आसत?"

मी नवऱ्याला फोन केला, तो ऑफिसात पोचला होता. मुलीच्या कॉलेजात फोन केला, तिला वर्गातून बाहेर बोलावलं, ती माझ्यावर चिडली. रडार उघडलं. चहूकडे एक ठिपका नाही. आकाश स्वच्छ, वारा पडलेला. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अजूनपर्यंत काहीच झालेलं नाही, आणि तेच मला सहन होत नाहीये. रात्री उठून मी मुलीच्या श्वासाकडे बघते. नवरा म्हणतो, तू डॉक्टरकडे चल. कदाचित जावं लागेल.

परवा मी आईंना आमचा मोजायचा नियम समजावून सांगितला. त्यांच्यापेक्षा स्वतःलाच समजावत होते म्हणा. म्हटलं, आई, मागच्या वेळी जिना उतरेपर्यंत वीज आली. आता इतके दिवस गेले. मधलं अंतर जेवढं मोठं, तेवढी ती लांब. म्हणजे आपल्यापासून खूप लांब कुठेतरी असेल, हो ना?

आईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाल्या, "लांब नाय गो. त्या टायमाक जो आवाज होतो, तेच्यापेक्षा ह्यो मोठो होतो."

तुमच्यापैकी कोणाला असं काही ठाऊक असेल तर कृपा करून लिहा. मी रोज इथे येऊन बघतेय.