आधी मेंढा बघायचा

लग्नाला सहा वर्षं होऊनही अंजनाची कूस उजवली नव्हती, म्हणून सासूने, सुलाबाईने, आपल्या मुलासाठी, धनाजीसाठी, दुसरी मुलगी बघायला घेतली होती. दिवाळीनंतर मुलीकडचे पाहुणे कवठे महांकाळला यायचे होते.

अंजनाने काही कमी केलं नव्हतं. एकटीच सांगलीला जाऊन तिने सोनोग्राफी केली, रक्त दिलं, गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा एक्स-रे दात आवळून सोसला. सगळं नीट निघालं. डॉक्टरबाई दर खेपेला विचारायच्या, "नवरा कुठंय? तपासणी दोघांची असते."

धनाजी उडवून लावायचा. "मला काय धाड भरलीय?"

त्या वर्षी घरच्या कळपातल्या बऱ्याच मेंढ्या गाभण राहिल्याच नाहीत. धनाजी त्या विकायला निघाला, तशी सुलाबाई कडाडली, "मेंढ्यांस्नी कशाला बोल लावतोस रं? आधी मेंढा बघायचा! जतवरनं दुसरा आण."

अंजनाने हातातली बादली खाली ठेवली.

"आत्या, मेंढीला येवढा न्याय हाय. मला का न्हाई?"

धनाजीची मान खाली गेली.

"तुमचा ल्योक बदला म्हणत न्हाई मी," अंजना म्हणाली, "नुसता तपासा म्हणते."

सुलाबाईला आधी हसू फुटलं. मग पदर डोळ्यांना लागला. "धन्या, उद्याच्या गाडीनं सांगली गाठ. हिच्यासंगं."

धनाजीच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी निघाले. वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या होत्या. "छोटं ऑपरेशन करू, तंबाखू सोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खात्री देत नाही, पण वाट आहे." परतताना एसटीने मिरज मागे टाकलं तेव्हा धनाजीने तंबाखूची पुडी खिडकीबाहेर भिरकावली आणि म्हणाला, "पाव्हण्यांस्नी मी सांगतो."

पाहुणे आले. चहा आला. धनाजी उभा राहिला.

"दोष माझ्यात हाय. तुमची पोरगी आणून काय करू?"

सगळ्यांचे कप जिथल्या तिथे राहिले. सुलाबाई आत गेली, सुपात तांदूळ, नारळ, खण घेऊन आली आणि त्याच पाहुण्यांसमोर अंजनाला पाटावर बसवून तिची ओटी भरली. सहा वर्षांत कुणी भरली नव्हती.

ऑपरेशन झालं; मुलगी पुढे दीड वर्षाने झाली. सृष्टी. पण अंजना गावात ताठ मानेने चालू लागली ती त्या दिवसापासून, जणू ओटीतले तांदूळ सांडू न देता.