सरस्वतीपुढे ठेवलेला फोन

फोन हातात घेण्याआधी मामा हात धूत असत. नुसते पाणी लावून नव्हे. साबणाने, मनगटापर्यंत, आणि मग खांद्यावरच्या पंच्याला बोटन् बोट पुसून. फोन वाजत असला तरी हा क्रम मोडत नसे. तोवर पलीकडचा माणूस कंटाळून फोन ठेवून देई. मग मामा कोरड्या हातांनी त्याला उलटा फोन लावत आणि म्हणत, "क्षमा करा, हात ओले होते."

२००४ साल असेल. मी साताऱ्याहून चेन्नईला, शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आले होते आणि टी. नगरला लागून असलेल्या मांबळममध्ये मामांच्या घरी, माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. मामा तंजावरचे मराठी. पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. ते स्वतः रेल्वेच्या सिग्नल खात्यातून एग्मोरला निवृत्त झालेले. मामी जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगी बंगळूरला. गल्लीतली पोरे त्यांना 'कम्प्यूटर ताता' म्हणत, म्हणजे कम्प्यूटर आजोबा. मला मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "मामा म्हण. बैस अम्मा. जेवण जाहलें कां?" मी मागे वळून पाहिले. कुठे ऐतिहासिक नाटकाची तालीम चालली आहे की काय, असे वाटले मला.

त्यांचा फोन आजच्या हिशेबाने वीटच होता. पण त्याला बटणांची पाटी नव्हती, अख्ख्या अंगभर काच होती आणि कडेला खोचलेली एक काडी होती. त्या काडीने काचेवर टेकवायचे, लिहायचे. आमच्या कंपनीत इतके इंजिनिअर, पण एकाकडेही असला फोन नव्हता. मी पहिल्यांदा पाहिला तो सत्तरीच्या या गृहस्थाच्या हातात. रिची स्ट्रीटच्या दुकानदाराकडे चार महिने खेपा घालून त्यांनी तो मागवून घेतला होता आणि त्याचे जाडजूड माहितीपुस्तक तीनदा वाचले होते. मी माझ्या साध्या फोनचेही कधी वाचले नाही. नंतर काही अडले की मी, सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यांना विचारायला खाली जात असे.

त्या काडीला ते 'एळुत्ताणी' म्हणत. ताडपत्रावर अक्षरे कोरायची लोखंडी लेखणी, तिचे हे तमिळ नाव. "आजोबा ताडपत्रावर लिहीत, मी काचेवर लिहितों. मधलें कागदाचें प्रकरण थोडके दिवसांचें जाहलें," असे म्हणून ते खूश होत. फोन त्यांचे वेडेवाकडे इंग्रजी अक्षर ओळखून छापील करून दाखवी. दर वेळी ते तितकेच थक्क होत. "पाहा अम्मा! माझें अक्षर आमच्या हेडक्लार्कास तीस वर्षांत वाचतां आलें नाहीं. ह्यास तीन दिवसांत आलें!" हे मी शंभर वेळा ऐकले असेल, आणि शंभरही वेळा त्यांचे डोळे तसेच मोठे झालेले पाहिले.

एकदा टी. नगरच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये त्यांनी गळ्यातल्या पिशवीतून फोन काढला आणि मुलीला ई-मेल लिहायला घेतला. (अशा वेळेसाठी खिशात ओला रुमाल असे.) कंडक्टर तिकिटे फाडायची थांबला. "एन्न सार अदु?" म्हणजे, हे काय साहेब? "पोस्ट ऑफिस पा," मामा म्हणाले. हां हां म्हणता माना वळल्या, हात पुढे आले. दुसरा कोणी असता तर फोन छातीशी धरला असता. मामांनी तो सरळ पुढे दिला, फक्त विचारले, "हात स्वच्छ आहेत ना?" फोन पार मागच्या सीटपर्यंत जाऊन सुखरूप परत आला. त्या गर्दीत माझे पाकीट मात्र गेले.

पण मामांनी फोन घेतला तो ई-मेलसाठी नव्हे. तो घेतला अक्कांसाठी.

अक्का त्यांच्या थोरल्या बहीण, वय पंच्याऐंशीच्या पुढे, त्यांच्याच घरी राहायच्या. जुने तंजावरी मराठी पुरते बोलणारे त्या घराण्यात आता एवढे एकच माणूस उरले होते. मामा म्हणत, "माझें बोलणें कचेरींत अर्धें झिजलें. माझी मुलगी तमिळांत भांडते आणि इंग्रजींत हिशेब करते. अक्काचें मात्र अक्खें आहे." फोनमध्ये आवाज धरून ठेवायची सोय होती. मामांनी हात धुऊन, फोन अक्कांपुढे धरून त्यांना बोलते केले. अक्का सुरुवातीला त्या काचेशी बोलायला लाजल्या, मग खुलल्या. सासरचे हाल, नवऱ्याची नक्कल, आंबट वरणाची कृती, कोणाचे लग्न कसे मोडले, असे सगळे मिळून एकोणीस तुकडे झाले. पुढच्या वैशाखात अक्का गेल्या. तेव्हापासून रोज चार वाजता कॉफीबरोबर मामा त्यातला एक तुकडा लावत. सुट्टीच्या दिवशी मलाही माडीवर ऐकू येई. अक्का खोकायच्या तेसुद्धा पाठ झाले होते मला.

त्या जातीच्या फोनांना एक भयंकर खोड होती. बॅटरी तळाला गेली की फोन काही तास कसाबसा तग धरी आणि मग आतले होते नव्हते ते सारे पुसून जाई. म्हणून मामांनी मला सांगितले होते, "हे एकोणीस तुकडे तुझ्या कचेरीच्या कम्प्यूटरावर उतरवून ठेव अम्मा." मी 'येत्या शनिवारी' म्हटले. असे किती शनिवार गेले हे सांगायची मला लाज वाटते.

मग नवरात्र आले. त्या घरी मूळ नक्षत्रावर पोथ्या, वह्या, कामाची हत्यारे सरस्वतीपुढे मांडत, आणि विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, असा कडक नेम. मामांनी पोथ्यांवर आपला जुना पाना ठेवला आणि पान्याशेजारी, हळदकुंकू लावून, फोन. मी म्हटले, "मामा, बॅटरी?" ते म्हणाले, "पूर्ण भरली आहे. तीन दिवस निभेल, हिशेब केला आहे." हिशेब बरोबरच होता. फक्त सणाच्या शुभेच्छा द्यायला बंगळूरपासून मदुरैपर्यंतचे सगळे नातलग फोन करतील, आणि न उचललेला प्रत्येक फोन वाजून वाजून बॅटरी खाईल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

नवमीच्या दुपारी फोनने टुं टुं करायला सुरुवात केली. बॅटरी संपत आल्याची ती सूचना आम्हा दोघांनाही चांगली ठाऊक होती. मी चार्जर घेऊन धावत खाली आले. मामा देवघरासमोर बसले होते.

"मामा, फक्त वायर जोडते. फोन जागचा हलवत नाही."

"हात लागेल."

"सरस्वती रागावणार आहे का? अक्कांचा आवाज जाईल मामा! सगळा!"

एकदा त्यांचा हात पुढे गेला. मी चार्जर पुढे केला. हात परत मांडीवर आला.

"हा नेम मला कोणीं शिकविला, ठाऊक आहे? अक्कानें. सात वर्षांचा होतों. पतंगाची चक्री सरस्वतीपुढून उचलली म्हणून तिनें दिवसभर मजशीं बोलणें टाकलें." ते फोनकडे पाहत म्हणाले, "तिचा आवाज राखावयास तिचेंच बोलणें मोडूं? मग आंत राहिलें काय, अम्मा?"

थोड्या वेळाने ते कॉफी टाकायला आत गेले. देवघरात मी एकटी. चार्जर हातात, फोन दोन हातांच्या अंतरावर. मामांना कळलेही नसते. मी वाकले, आणि मला ते जमले नाही. मी काही फार देवभक्त नव्हे. पण समोरच्या माणसाने आपला हात मागे घेतलेला मी नुकताच पाहिला होता, त्यापुढे माझा हात उचलेना. तेव्हा बरोबर वागले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. संध्याकाळच्या आत टुं टुं बंद झाले.

दशमीला पूजा झाली, चुरमुरे आणि फोडणीच्या हरभऱ्यांच्या चुंडलाचा नैवेद्य झाला. मामांनी हात धुतले, फोन उचलला आणि चार्जरला लावला. काच उजळली. वर एक स्वागताचा शब्द आणि मधोमध एक फुली, 'इथे टेकवा' म्हणून सांगणारी. दुकानातून आणला त्या दिवसासारखा कोरा. मी तिथेच रडायला लागले. "मामा, माझी चूक. मी उतरवून ठेवले असते तर—"

त्यांनी मला गप्प केले नाही, 'जाऊ दे'ही म्हटले नाही. माझे रडून होऊ दिले. त्यांचे स्वतःचे डोळे लाल होते. मग त्या दिवशी पोरांना पाटीवर पहिले अक्षर गिरवायला लावतात तसे त्यांनी एळुत्ताणीने काचेवर 'श्री' काढले. फोनला ते काही ओळखता आले नाही.

"आवाज धरावयाचें चालू कर," ते म्हणाले.

आणि त्यांनी अक्का सांगायला सुरुवात केली. आठवतील तशा गोष्टी नव्हेत, जशाच्या तशा. तुकडा पहिला, तुकडा दुसरा. अक्का जिथे थांबायच्या तिथे थांबत, जिथे हसायच्या तिथे हसत. कचेरीत झिजलेले म्हणून जे बोलणे ते रोज हिणवत, ते त्यांच्या तोंडून अक्खे बाहेर येत होते. यंत्रापुढे हा माणूस इतके दिवस थक्क होऊन बसला, आणि त्या सकाळी मी त्याच्यापुढे तशी बसले होते. असे काही मी पुन्हा पाहिले नाही.

त्याच संध्याकाळी मी कचेरीत जाऊन सगळे तुकडे तीन ठिकाणी उतरवले. सुट्टी होती, वॉचमनशी भांडून आत गेले. दोन वर्षांनी मी चेन्नई सोडली. त्यानंतरच्या पावसाळ्यात मामा गेल्याचे मुलीने कळवले. ते तुकडे मी अजून ऐकते. सगळ्यात जास्त अकरावा, तंजावरच्या घरी पहिल्यांदा वीज आली त्या दिवसाचा. त्यात मामा सांगत असतात, "बल्ब लागला. आजोबांनीं हात जोडिले. आईनें दिव्याखालीं हात धरून आपल्या बांगड्या पाहिल्या, आणि म्हणाली... म्हणाली..." पुढे नुसती खरखर. मामांना आठवत नाही. खरखर लांबते. मग एक मुलीचा आवाज येतो, रडून बसलेला, साताऱ्याचा, पण शब्द अगदी अक्कांचे: "रात्रींही हिरव्याच असतात कीं गो ह्या!"

मग मामा हसतात आणि म्हणतात, "सरि, बरें. आतां पुढें तूंच सांग."