बंद ठेवलेला मोबाईल

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझे पती बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर होते. राहुरीपासून कोपरगावपर्यंतची दुकानं त्यांच्याकडे होती. कंपनीनं ह्यांना मोबाईल दिला तेव्हा मला सहावा महिना होता. घरात रेंज जेमतेम बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी यायची, नीट बोलायला गच्चीवरच जावं लागायचं, पाण्याच्या टाकीपाशी. हे वर उजव्या कानाला फोन लावून येरझारा घालायचे आणि खाली मी.

रविवारच्या पुरवणीत मी वाचलं होतं की मोबाईलच्या लहरींचा मेंदूवर परिणाम होत असावा. त्या 'असावा'नं माझी झोप उडवली. 'होतो' लिहिलं असतं तर फोन परत करायला लावला असता, 'होत नाही' लिहिलं असतं तर विसरून गेले असते. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, मुलांच्या शंका फेडायचे. माझी शंका मात्र मला फेडता येत नव्हती.

"बोलून झालं की तुमचा कान तापलेला असतो," मी म्हणायचे.

"फोन तापतो, मग कान तापणारच की."

मग ह्यांचं डोकं दुखायला लागलं, तेही उजव्या बाजूला. मी रजा टाकून ह्यांना नगरला नेलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि चष्म्याचा नंबर काढायला सांगितलं.

"आणि मोबाईलचं काय?" मी विचारलं.

"बाई, त्याचं पक्कं उत्तर आज कुणाकडेच नाही. काळजी वाटत असेल तर थोडक्यात बोलायचं."

चष्मा लागला आणि पंधरा दिवसांत डोकेदुखी थांबली. माझी धास्ती थांबली नाही. फोन खिशात असताना बंदच ठेवायचा, स्वतःला बोलायचं असेल तेव्हाच चालू करायचा, असं मी ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं. हे साहेबांची बोलणी खात राहिले, पण शब्द पाळला.

आठवा सरता सरता एका दुपारी मला कळा सुरू झाल्या. हे कोपरगावला गेले होते. सासूबाई कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावल्या आणि तशाच परत आल्या.

"बंद हाय म्हनती ती बाई. मी लई सांगितलं, पन तिचं आपलं त्येच."

रिक्षातून दवाखान्यात जाताना मी त्यांना पुन्हा पुन्हा नंबर सांगत होते, जणू नंबरच चुकला होता. तिथून त्यांनी आणखी तीनदा फोन लावला. चारच्या सुमारास मुलगी झाली. अगदी लहानखुरी होती, तिला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं.

हे संध्याकाळी आले. घरी गेल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं होतं. चष्म्यावर रस्त्याची धूळ तशीच होती.

"फोन बंद होता," एवढंच म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

"मीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "आता चालू ठेवा."

बाराव्या दिवशी मुलगी घरी आली. मोबाईल चालू राहिला, पण पाळण्यापासून लांब, बाहेरच्या खोलीच्या खिडकीत. वाजला की मी दचकायचे. बराच वेळ वाजला नाही तर उठून जायचे, चालू आहे ना ते बघायला.