खोली नंबर एकोणीसची वाटी

परळहून भाड्याची कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही नवराबायको कोकणात उतरलो होतो. एका सकाळी ती किनाऱ्यावर उभी केली आणि कड्याच्या कडेने पुढच्या गावापर्यंत चालत निघालो. वाटेत काठी टेकत एक म्हातारा सोबत आला. मुंबईचे म्हटल्यावर त्याने आमचं नाव विचारलं नाही, चाळ विचारली. स्वतः काळाचौकीत राहून गिरणीत जन्म काढलेला, आता गावी परतलेला.

खाली लाटा फुटत होत्या, पण आम्ही गाडीतच राहतो हे ऐकल्यापासून त्याचं सगळं लक्ष त्या गाडीत. "झोपतास खंय? चूल आसा काय? आणि मोरी?"

परत गाडीपाशी आल्यावर त्याने चपला बाहेर काढल्या, आत शिरून वितेने ओटा मोजला आणि म्हणाला, "खोली झकास आहे. पण शेजारी कोण?"

बायकोने त्याच्या हातात शिऱ्याची वाटी दिली. ती तशीच घेऊन तो घरी गेला. बराच वेळ वाट पाहून आम्ही गाडी सुरू केली, तेवढ्यात धापा टाकत तो आलाच.

"थांबा रे! वाटी रिकामी कशी देऊ?"

वाटीत ओले काजूगर होते.

परळला आल्यावर भांडी घासताना बायको म्हणाली, "अहो, ही आपली वाटी नाही." तळाशी चाळीतल्या भांड्यांवर असतं तसं कोरलेलं होतं, 'खोली १९'. म्हाताऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

वाटी पोचवायला पुन्हा जायचंय. बायकोने लाडवांसाठी रवा भाजायला घेतलाय.